सातव्या पायाची तार

हे खरं की खोटं ते तुम्हीच ठरवा, असं इथं पुष्कळ जण लिहितात. मी ते तुमच्यावर सोडत नाही. हे खरं आहे. माझ्या घरात झालं आहे. आणि अजून संपलेलं नाही.

वर्षभर मी या पेजवर नुसती वाचते. बाळ मांडीवर, मोबाईल एका हातात. आज पहिल्यांदाच लिहितेय.

एक आधीच सांगते. माझ्या गोष्टीत रात्र नाही. जे झालं ते दिवसाउजेडी झालं. मंगळवारी, दुपारी चारच्या आसपास. पेणला, रामवाडीत, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये.

आत्ताही मंगळवारच आहे. तीन वाजून दहा मिनिटं झालीत.

लाईट गेलेली आहे.

मी रोहिणी. बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स. माझा नवरा प्रणित नागोठण्याच्या बाजूला एका कंपनीत कंत्राटावर होता. गेल्या जूनपासून त्याला गुजरातला पाठवलंय. घरात मी आणि मनस्वी. मनू म्हणते मी तिला. आमच्या मजल्यावर चार दारं आहेत, त्यातली तीन कुलूपबंद. मुंबईच्या लोकांनी फ्लॅट घेऊन ठेवलेत, येत कुणीच नाही. दिवसभरात माणसाचा आवाज म्हणजे माझाच. खाली गणपतीच्या कारखान्यात रंग मारायचा कॉम्प्रेसर घरघरतो, तीच काय ती सोबत. लाईट गेली की तोही बंद.

मग इतकं शांत होतं की मनूचा श्वास मोजता येतो.

मी मोजते.

मनू गेल्या फेब्रुवारीत झाली तेव्हा दोन किलो शंभर ग्रॅमची होती. डॉक्टर म्हणाले, वजनावर लक्ष ठेवा. मला तेवढं निमित्त पुरलं. दर मंगळवारी सकाळी आंघोळ घातली की मी तिचं वजन करायचे. काट्याची कमी नव्हती. काटे दुरुस्त करणं हेच माझं काम.

रोह्याला धाटावच्या एमआयडीसीत एक छोटं वर्कशॉप आहे. तिथं लहान बाळांचे वजनकाटे बनतात. लाईटवर चालणारे, वर बाळाला झोपवायचं तसराळं असतं तसे. मनूच्या आधी मी तिथं टेस्टिंगला होते. नंतर तिथले सुशील सर घरी काम पाठवायला लागले. गेल्या जुलैत त्यांनी टेम्पोतून दहा काटे पाठवले. तक्रार एकच. लाईट जाऊन आली की साठवलेली वजनं बदलतात. कुणी बटण दाबत नाही, तरी काटा आपल्या मनानं काहीतरी लिहून ठेवतो.

यात भूतबित काही नव्हतं. कारण मला ठाऊक होतं.

काट्यात एक चिप असते. आठ पायांची, काळी. लाईट गेली तरी तिच्यातलं लिहिलेलं पुसलं जात नाही. लाईट येते तेव्हा पाच व्होल्ट एकदम येत नाहीत, शून्यापासून चढत जातात. डोळ्याची पापणी लवायच्या आत. पण तेवढ्यात काट्याचा मेंदू अर्धवट झोपेत असतो. झोपेत माणूस बरळतो ना, तसा तो बरळतो. आणि त्या बरळण्यात चिपला सांगून बसतो, लिही.

चिप बिचारी लिहिते.

औषधही सोपं आहे. चिपचा सातवा पाय म्हणजे कुलूप. त्याला तार लावून प्लसकडे बांधलं की लिहायला बंदी. मेंदू पुरता जागा झाला की त्यानंच ते कुलूप उघडायचं. या काट्यांत तो पाय सरळ मायनसला जोडलेला होता, म्हणजे कुलूप सताड उघडं.

नऊ काटे मी नीट केले. दहावा तसाच ठेवला, कारण दुखणं डोळ्यांनी बघायचं होतं. त्यातली चिपच खराब आहे अशी शंका नको, म्हणून ड्रॉवरमधून एक नवी, कोरी चिप काढून बसवली. मनूचं वजनही त्याच काट्यावर करायचे.

पहिला मंगळवार. सकाळी मनू भरली ५.७२०. कॅलेंडरच्या चौकोनात लिहिलं. दहाला लाईट गेली. आमच्या भागात तारांच्या कामासाठी मंगळवारी जाते. चारला आली. खाली कॉम्प्रेसर घरघरला, पंखा फिरला, आणि काट्यातून...

पीप.

वजन साठवलं की हा काटा पीप करतो. पण साठवायला तिथं होतं कोण? मी स्वयंपाकघरात. मनू पाळण्यात.

जाऊन बघितलं. हा काटा चालू झाला की शेवटचं साठवलेलं वजन दाखवतो, मग शून्यावर येतो.

५.८६०.

मला हसू आलं. म्हटलं, बरळला. फक्त एक गोष्ट खटकली. बरळलेला आकडा असा नसतो. तो काहीतरी पासष्ट किलो, नाहीतर निव्वळ आडव्या रेघा. हा चांगला नेटका, बाळाचा आकडा होता.

दुसरा मंगळवार. मनूला पुसून काट्यावर ठेवलं.

५.८६०.

दुपारी लाईट आली. पीप. आकडा ५.९९०.

तिसरा मंगळवार. सकाळी मनू... ५.९९०.

मी प्रणितला फोन केला. तो साइटवर होता, मागे मशीनचा गोंगाट.

"अगं, वाढतं पोर आहे, वाढणारच ना. दोनदा जुळलं तर काय झालं?"

"दहा ग्रॅमचाही फरक नाही, प्रणित. पुढच्या आठवड्याचा आकडा आधी दाखवतोय तो."

"मग त्याला विचार, माझी सुट्टी कधी मंजूर होणार."

मी हसले नाही. त्यालाही ते कळलं. "आईला बोलावून घे चार दिवस," म्हणाला. मी म्हटलं, नको, सासूबाईंची भातलावणी चालू आहे.

त्याच दुपारी मी काट्यासमोर खुर्ची टाकून बसले. मनू मांडीवर. पावणेचारला ती चुळबुळायची थांबली. काट्याच्या वरच्या बाजूला, भिंत आणि छत मिळतात तिथं बघत राहिली. डोळे मोठे करून. मग हसली. ओळखीचं माणूस दिसलं की हसते तशी.

मी वर बघितलं. भिंत होती.

कॉम्प्रेसर बंद. पंखा बंद. लाईट आलेली नव्हती, हे मी शपथेवर सांगते.

आणि... पीप.

पंखा त्यानंतर फिरला.

५.३१०.

सहाशे ऐंशी ग्रॅम कमी. ज्यांच्या घरात लहान बाळ आहे त्यांना मी काय सांगू त्याचा अर्थ. एका आठवड्यात पाच महिन्यांच्या बाळाचं इतकं वजन उतरतं ते कशानं उतरतं?

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वारं सुटलं. पाऊस आडवा लागत होता. लाईट गेली... आली. पीप. गेली... आली. पीप. मी मनूला घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसले. दार लावलं. तरी ऐकू येत होतं. गेली... आली... पीप.

अकरा वेळा.

बाराव्यांदा लाईट गेली तेव्हा मी धावत बाहेर आले आणि काट्याची पिन भिंतीतून उपसून काढली. आकडा बघितला नाही. लाईट स्थिर झाल्यावर डाग द्यायची सोल्डरिंगची सळई तापवली. चिपचा सातवा पाय सॉकेटच्या बाहेर वळवला, त्याला तार लावली आणि प्लसला बांधून टाकला. नीट करायचं तर कुलपाची किल्ली काट्याच्या मेंदूकडे द्यायची असते. मी दिली नाही. कायमची बंदी.

म्हटलं, आता लिही बघू.

पण ५.३१० आधीच लिहून झालं होतं.

शुक्रवारी मनूला जुलाब लागले. शनिवारी उलट्या. रविवारी पहाटे तिचे डोळे खोल गेले आणि रडताना पाणी येईना. रिक्षा करून मी एकटी तिला दवाखान्यात घेऊन गेले. नर्सनं कपडे काढून काट्यावर ठेवलं. त्यांचा काटा वेगळ्या कंपनीचा. मी डोळे मिटून घेतले.

"पाच किलो तीनशे दहा," नर्स म्हणाली. "आधी किती होतं, ताई? ...ओ ताई?"

चार दिवस सलाईन होतं. मनू वाचली.

घरी आणल्यावर आठवड्यानं मी ती चिप काढली, तार तशीच ठेवून. मनूला घेऊन एसटीनं रोह्याला गेले. सुशील सरांकडे चिप वाचायचं मशीन आहे.

"या मॅडम! भूतबाधा झालेला पेशंट आणलात म्हणे," सर म्हणाले. मनूला बघून आवाज खाली आणला. "किती उतरलीय गं पोर." मग चिमट्यानं चिप उचलली, उजेडात धरली. "आणि हे काय? चिपला लिपस्टिक लावलीस का?"

चिपच्या पाठीवर नंबर कोरलेला असतो. त्या बारीक अक्षरांत लाल काहीतरी बसलं होतं.

कुंकू.



मनूची पाचवी आमच्याच फ्लॅटमध्ये झाली होती. माझ्या सासूबाई, सीताबाई, खाडीकाठच्या खारेपाटातून आल्या होत्या. उभा जन्म मिठागरात गेलेली बाई. पाचव्या रात्री सटवी येते आणि बाळाचं नशीब लिहिते. तिच्यासाठी बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि पेन ठेवायचं, हळदकुंकू वाहायचं. सासूबाईंनी कोरा कागद मागितला. घरात एक सापडेना. सगळ्या कागदांच्या पाठीवर माझी सर्किटं. तेव्हा मी ड्रॉवरमधून एक नवी चिप काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"आई, हे ठेवा. कागदापेक्षा कोरं आहे."

प्रणित म्हणाला, "सटवीपण डिजिटल झाली वाटतं."

सासूबाई चिपकडे बघत राहिल्या. "ह्यो काळा मुंगला? ...तुमचं शिक्षान तुमाला ठावं, बाय." आणि तिला कुंकू लावून मनूच्या उशाशी ठेवली. सकाळी मी ती पुसली आणि परत ड्रॉवरमध्ये टाकली. इतर चिपांत.

आम्हाला गंमत वाटली होती.

सरांनी चिप मशीनला लावली. स्क्रीनवर आकडे आले. ५.८६०. ५.९९०. ५.३१०. आणि त्याखाली अकरा. ५.६४०, ५.९००, ६.१८०... असे चढत चढत शेवटचा ८.१४०.

त्यापुढे नुसतं एफ एफ, एफ एफ, एफ एफ. पानभर.

"एफ एफ म्हणजे कोरं," सर म्हणाले, जणू मला माहीत नाही. "एकशे अठ्ठावीस वजनं मावतात. चौदा भरलीत, एकशे चौदा रिकामी. कुणाच्या बाळाची आहेत ही? बरं, राहू दे. पुसून देतो, एक मिनिटाचं काम..."

त्यांचं बोट बटणावर गेलं.

"नको!"

मी इतकी किंचाळले की मनू दचकून रडायला लागली. कामाला बसलेल्या बाया वळून बघायला लागल्या. सरांनी बोट मागे घेतलं. एकही प्रश्न न विचारता चिप काढून कागदाच्या पुडीत बांधून दिली. पाणी दिलं. एसटीत बसवून द्यायला स्वतः आले.

घरी येऊन मी सासूबाईंना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

"वाचलंस?"

"हो."

"ते वाचायचं नस्तं, गो पोरी."

"आई, शेवटी कोरं आहे. आकडे संपतात."

"कोरा म्हंजे? अजून लिवायचा हाय, का लिवायचा नाय?"

"मला नाही कळत. मीच तार लावली ना. पुढं काही लिहिलं जाऊ नये म्हणून."

त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या...

"मंग तू सटवीचा हात धरून ठेवलास, गो?"

मी विचारलं, आता काय करू? तर म्हणाल्या, "मना नको इचारू. मना कागुद ठावा हाय. कागदाला कोन तार लावतं?"

सात महिने झाले त्याला. चिप काट्यात परत बसवली आणि काटा कपाटात ठेवला. घरी वजन करायचं सोडलं. तुम्ही म्हणाल, वाढतं बाळ कधी ना कधी प्रत्येक आकड्यावरून जाणारच. मीही स्वतःला तेच सांगायचे. पण अंगणवाडीच्या सेविका सरूताईंनी तिला पहिल्यांदा काट्यावर ठेवलं, ५.६४०. पुढच्या वेळी दवाखान्यात, ५.९००. मग लसीच्या दिवशी, ६.१८०. काटा कुठलाही असो, दिवस कुठलाही असो. एकही आकडा गाळला नाही, एकही मागेपुढे झाला नाही. सरूताई कार्डावर लिहायच्या आणि म्हणायच्या, "ताई, पोर छान वाढतंय, तुम्ही का रडताय?"

दोनदा सळई हातात घेतली, तार काढायला. दोनदा खाली ठेवली. तार काढली आणि पुन्हा ५.३१०सारखं काही लिहिलं गेलं तर? मोकळ्या हातानं ती काय लिहील, कुणी सांगावं?

आणि तार ठेवली तर... कोरंच.

गेल्या शुक्रवारी सरूताईंनी मनूचं वजन केलं.

८.१४०.

माझ्याकडे आता आकडा उरलेला नाही.

रविवारपासून मनू नीट खात नाही. अंगावर पीत नाही. ताप नाही, जुलाब नाहीत. डॉक्टर म्हणतात दात येतायत, वाढदिवसापर्यंत बरी होईल. वाढदिवस शनिवारी आहे. पण ती खेळणं फेकत नाही. रडत नाही. पाळण्यात पडल्या पडल्या नुसती बघत राहते. काल मी तिच्यासमोर टाळ्या वाजवल्या, गाणी म्हटली. ती माझ्याकडे बघत होती, पण जणू वाट बघत असावी. कुणीतरी पुढचं सांगेल म्हणून.

आज सकाळी प्रणितला फोन केला. या वेळेस त्यानं चेष्टा केली नाही. म्हणाला, "मी रात्रीची गाडी पकडतो. तू तोवर त्या काट्याला हात लावू नको."

दहाला लाईट गेली.

दोनला मी कपाट उघडलं.

वर्कशॉपमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, लाईट येताना चिपवर काही लिहिलं जाता कामा नये. त्यासाठी तार, त्यासाठी कुलूप, त्यासाठी व्होल्टेज पुरतं चढेपर्यंत मेंदूला झोपवून ठेवणारी वेगळी चिप. इतकी सगळी खटपट. मी आज त्याच्या उलट केलं. लाईट नाही म्हणून सळई गॅसच्या शेगडीवर तापवली. तार सोडवली. सातवा पाय सरळ करून सॉकेटमध्ये बसवला. कुलूप उघडं. काट्याची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसली आणि बटण चालू करून ठेवलं.

मग मनूला घेऊन बाहेरच्या खोलीत आले, आणि हे लिहायला बसले.

साडेतीन झाले.

पावणेचार. खालून काही आवाज नाही. मनू झोपलीय की जागी आहे कळत नाही. श्वास मोजतेय. चालू आहे.

चार वाजून सहा मिनिटं.

आली. कॉम्प्रेसर घरघरला. पंखा फिरायला लागला. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी टीव्ही मोठ्यानं लागला.

आतल्या खोलीतून... पीप.

मी उठले नाही. उठायचं नाही, वाचायचं नाही, हे आधीच ठरवलंय.

पीप.

लाईट गेलेली नाही. पंखा फिरतोच आहे. एकदा आली, एकदाच पीप व्हायला हवी.

पीप... पीप...

थांबत नाहीये. पाच, सहा, सात. मध्ये श्वास घ्यावा इतकीच जागा. राहून गेलेलं भराभर उतरवून काढावं, तसं.

मनूनं माझ्या पदराकडे तोंड वळवलंय. ओढतेय. दोन दिवसांनी पहिल्यांदा.

आत काय लिहिलं जातंय, आकडे चढतायत की उतरतायत, मला माहीत नाही. एका हातानं टाईप करतेय. प्रणितचा फोन वाजतोय, घेत नाहीये, मोजणं चुकेल म्हणून.

एकशे चौदा जागा आहेत. शंभरच्या पुढे गेलं की मी उठून पिन काढेन, जागा संपायच्या आधी.

आत्ता एकोणचाळीस झालेत.